फलजच्या व्हॅनची फत्ते

शके एकोणीसशे छत्तीस, जयनाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध नवमी, वार शुक्रवार. बाळांनो, क्षणभर डोळे मिटावे आणि कल्पना करावी. ओमान मुलखी सोहार बंदर, बंदराकडे पोलाद वितळविणारे कारखाने, आणि त्यांचे आडोशास फलज नामे गाव. खजुराची झाडे, चार दुकाने, एक पेट्रोल पंप आणि कारखान्यांत कामास आलेल्या मराठी लोकांची घरे. त्या गावी शॅनन नामे नऊ वर्षांची कन्या, वसईकर झेवियर फिटर यांची लेक, राहात होती. तिने एक मोठा दरबार कैसा वाकविला, त्याची ही हकीकत.

दर शुक्रवारी सकाळी एक पांढरी व्हॅन पंपाशी येई आणि मुलांस सोहारास प्रमिलाबाईंच्या मराठी वर्गास पोचवी. सारथी नूरुद्दीनचाचा, वतन राजापूर. व्हॅनीत एकच कायदा चाले: जो इंग्रजी बोलेल त्याने दाराची खिदमत करावी. दार मोठे हट्टी. प्रत्येक थांब्यास उतरून ते दोन्ही हातांनी ओढावे आणि मग धक्का देऊन लावावे. शॅननने पहिले वर्ष दारापाशीच काढले, मग हात दुखले आणि मग मराठी आली.

इकडे मस्कत शहरी, रुवी मुक्कामी, मायबोली रक्षक मंडळ नामे थोर दरबार होता. त्याचे अध्यक्ष अखंडभाषणकर्ते, शालविभूषित, राजमान्य राजश्री प्रफुल्लराव अल् खुवैरकर. मायबोलीसाठी प्राण देण्यास हे सदैव सिद्ध. व्हॅन देण्यास तेवढे नव्हते. मसलत जाहली आणि फर्मान सुटले, तेही इंग्रजीत, की सर्वांस नीट समजावे: या शुक्रवारपासून फलजची व्हॅन बंद, नूरुद्दीन यांस निरोप, आणि मुले न आल्यास वर्गही मिटवावा, मोटार तर प्रत्येकाचे घरी आहेच. ती होतीच, मस्कतातल्या अल् खुवैरात. फलजास वडील शुक्रवारीही पाळीवर आणि आयांपाशी गाडीचा परवाना नाही, हे दरबारास ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

चाचांची नोकरी जाता व्हिसा जाणार आणि चाचा राजापुरास जाणार, हे शॅननला कळले. "चाचा, तुमी खरंच जानार?" तिने फोनवर पुसले. "माजा काय गो," चाचा म्हणाले, "तू मराठी सोडू नको." मग शॅननने डोळे पुसले आणि सारी पोरे जमवून पंपाशी उभी केली. व्हॅन आली नाही तरी शुक्रवार आला होता.

आता दरबाराचा पराक्रम ऐकावा. त्याच दिवशी मराठी भाषा दिन, आणि गावोगावच्या मुलांसमवेत तसबीर काढवून स्मरणिकेत छापावी ऐसाही ठराव त्याच बैठकीत जाहला होता. सबब प्रफुल्लराव खासे चंदेरी मोटारीत बसून, पेढे, फलक आणि छायाचित्रकार घेऊन सोहारावर चालून आले. वर्गात पाहतात तो प्रमिलाबाई आणि रिकामे बाक.

"मुलं कुठायत?"

"फलजला उभी आहेत, साहेब. व्हॅन आपणच बंद केलीत ना?"

मग राव चपापले, छायाचित्रकारास वर्गातच ठेविले आणि "यल्ला, चला!" म्हणोन स्वतः मोटार हाकीत फलजास दाखल जाहले, आणि काच खाली करून गर्जले, "कम, कम, बेबी! सिट फास्ट!"

शॅनन म्हणाली, "अनोळखी माणसाच्या गाडीत नाय बसायचं. बाईंनी सांगितलंय."

"अगं, आय ॲम द प्रेसिडेंट!"

"प्रेसिडेंट पण अनोळखीच."

आणि सारी फौज मागे सरकली. रावांनी बाईंस फोन लाविला. बाई वदल्या, "नियम मीच शिकवला, साहेब. मीच कसा मोडू?" ऊन चढले, पेढे पाघळले, छायाचित्रकार सोहाराहून फोनावर फोन करू लागला. शेवटी राव हतबल जाहले आणि त्यांनी नूरुद्दीनचाचांस आजचेपुरते बोलाविले.

"आजच्यापुरतं नाय," शॅनन म्हणाली. "दर शुक्रवारी."

"बरं, बघू पुढे."

"बघू नाय. हो म्हणा."

राव हो म्हणाले. व्हॅन आली. राव, सोहारास मुलांसमवेत व्हॅनीतून उतरतानाची तसबीर अधिक शोभेल ऐसे मनी आणून, मोटार पंपाशी ठेवून व्हॅनीत चढले.

येणेप्रमाणे व्हॅन दर शुक्रवारी चालावी, नूरुद्दीन यांची चाकरी कायम राहावी, प्रमिलाबाईंचा वर्ग अबाधित असावा, ऐसा तह होऊन फलजकरांची फत्ते जाहली, ती येथे नोंदविली असे.

व्हॅन पुढल्या थांब्याशी आली. प्रफुल्लराव संतोष पावून म्हणाले, "वंडरफुल! सो नाइस!" आणि सारी पोरे शॅननकडे पाहू लागली. तेव्हा शॅनन उठली, दाराजवळील आपली जागा रुमालाने पुसून रिकामी केली, आणि अदबीने म्हणाली,

"काका, दार."