घाई नसलेला गिअर

शिकागोच्या गिअर कारखान्याने एकच साधा प्रश्न विचारला होता : तुम्हाला नेमके काय हवे आहे ते लिहून पाठवा, म्हणजे किंमत कळवतो. हा प्रश्न हॉगस्टाड बंधूंना आजवर कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी त्यांनी त्याचे उत्तर दिले नसते. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, रेड नदीच्या खोऱ्यातल्या त्या गावात आपल्याला काय हवे आहे हे समोरच्याला तोंडाने सांगणे म्हणजे चर्चमध्ये मोठ्याने जांभई देण्यासारखे समजले जाई.

ऑर्लिन हॉगस्टाड हा साठीला टेकलेला, हाताने निष्णात आणि तोंडाने अतिशय सावध असा माणूस होता. लेफ्साचा छोटा कारखाना थोरल्या भावाच्या, लव्हर्नच्या नावावर होता. यंत्रे ऑर्लिनकडे होती. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ, मऊ पोळी. नाताळात तिच्यावाचून त्या खोऱ्यातल्या एकाही घराचे पान हलत नसे, आणि कारखान्याचे वर्षाचे पोटही त्या दोन महिन्यांवरच भरे. ती लाटणारे यंत्र दोघांच्या वडिलांनी एका मोडीत निघालेल्या मळणीयंत्राचे अवयव काढून स्वतः जुळवले होते. त्यामुळे ते बिघडले की जगातल्या कुठल्याही दुकानात त्याचा सुटा भाग मिळत नसे.

ऑगस्टच्या अखेरीस लाटणाऱ्या रुळाच्या मोठ्या गिअरचा एक दात तुटला. ऑर्लिनने त्या जागी वेल्डिंगचा थर चढवला, कानशीने घासून नवा दात घडवला, आणि तो नवा दात आठवडाभर इमानाने फिरून, जाताना शेजारच्या दोन दातांना सोबत घेऊन गेला. तेव्हापासून यंत्र बंद होते.

"पहिल्या बर्फाच्या आत सुरू झालं तर ठीक," आर्डिस लोकन म्हणाली होती. "नाहीतर मी हिवाळ्यापुरती कार्लाकडे जाते, फीनिक्सला, ॲरिझोनाच्या उबेत. पोरगी कधीची मागे लागलीय. इथे बसून रिकाम्या पिशव्यांच्या घड्या किती घालू?"

आर्डिस कारखान्याचे कार्यालय आणि पॅकिंग सांभाळायची. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिने हे सहज सांगितले, आणि ऑर्लिनच्या हातातला पाना निसटून पायावर पडला. कारण त्या गावातून हिवाळ्यापुरती ॲरिझोनाला गेलेली माणसे पुढे फक्त घर विकायला परत येत.

ऑर्लिनला ती जायला नको होती. ती आपल्याला हवी आहे, हे त्याने तिला याआधीच दोनदा, त्याच्या मते अगदी उघडपणे, सांगितलेही होते. चर्चमध्ये हॉगस्टाडांचा बाक डावीकडचा, खिडकीजवळचा. ईस्टरच्या आधी एकदा तो तिला म्हणाला होता, "माझ्या बाकावर जागा असते हो." ती म्हणाली, "नको, नको. तुम्हाला कशाला अडचण?" जूनमध्ये चर्चच्या अंगणात स्ट्रॉबेरी खाताना त्याने पुन्हा विषय काढला. ती म्हणाली, "खरंच नको. खांबाआडच्या बाकावर माझं बरं चाललंय." त्यानंतर त्याचे धैर्य संपले. कॉफीची गोष्ट निराळी. कॉफी पहिल्यांदा नाकारायची ती रीत म्हणून, दुसऱ्यांदा नाकारायची ती समोरचा मनापासून विचारतो आहे ना हे पाहायला, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर 'तुम्ही करताच आहात, तर अर्धा कप' असे म्हणून काठोकाठ भरलेला कप घ्यायचा. हे तिथे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असे. पण बाक म्हणजे काही कॉफी नव्हे; एका बाकावर बसलेली दोघे गावाच्या लेखी जोडपेच. तिथे तिसऱ्यांदा विचारणे म्हणजे गळ्यात पडणे, असे ऑर्लिनला वाटले.

तेव्हा आता सगळी भिस्त गिअरवर होती.

तिघेही कार्यालयात बसले. आर्डिस टाइप करणार होती. मधे बशीत तिने घरून आणलेल्या, रूबार्ब नावाच्या आंबट देठांच्या गोड वड्या होत्या.

"दात अठ्ठेचाळीस," ऑर्लिन म्हणाला. "व्यास, मधलं भोक, चावीची खाच, जाडी, सगळं मोजलंय. दात झिजलेत, म्हणून दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर घेऊन मूळचं माप काढलंय."

"छान," लव्हर्न म्हणाला. "पण असं तडकाफडकी नको लिहू. हुकूम सोडल्यासारखं वाटतं. 'साधारण अठ्ठेचाळीस' लिही."

"दात साधारण कसे असतील, लव्हर्न?"

"त्यांच्या सोयीनं घ्या, एवढंच म्हणतोय मी. लोक कुठल्या अडचणीत असतील, आपल्याला काय माहीत?"

आर्डिसने 'साधारण' टाइप केले.

"कुठलं पोलाद हवं, असं विचारलंय त्यांनी," ऑर्लिन म्हणाला.

"त्यांच्याकडे पडून असेल ते."

"आणि दात तापवून, पाणी देऊन कडक करायचे का?"

"'फार कडक नसले तरी चालतील.'"

"नाही चालणार! नाताळाच्या आत झिजून जातील!"

"अरे, मग ते फोन करून विचारतीलच की. दोनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. पहिल्याच कागदावर सगळं मागून मोकळं व्हायला आपण काय असे तसे आहोत का?"

ऑर्लिनने मापांचा कागद निमूट आर्डिसकडे सरकवला. तोही त्याच घरात वाढलेला होता.

"गिअर कधीपर्यंत हवाय?" आर्डिसने विचारले. तिची बोटे टाइप करता करता थांबली होती आणि नजर ऑर्लिनवर.

"लवकर," ऑर्लिन म्हणाला, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"'फार घाई नाही,'" लव्हर्नने सांगितले.

"घाई आहे, लव्हर्न!"

"आहेच. पण ते त्यांना कशाला कळायला हवं?"

शेवटी लव्हर्नने आणखी एक ओळ घालायला लावली : यात तुम्हाला काही त्रास होणार असेल, तर आमची हरकत नाही.

"कशाला हरकत नाही?" आर्डिसने विचारले.

"कशालाच," लव्हर्न समाधानाने म्हणाला. बशीत एकच वडी उरली होती. त्याने ती सुरीने अर्धी कापून अर्धी उचलली. शेवटची वडी अख्खी उचलायला कोणीच धजत नसे.

चार दिवसांनी शिकागोहून फोन आला. आवाज बाईचा होता आणि दोन शब्दांच्या मधे श्वास घेण्यापुरतीही जागा ठेवत नव्हता.

"मी रोझॅन. तुमचं मागणीपत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मला एक सांगा, तुम्हाला गिअर हवाय की नकोय?"

"मिळाला तर वाईट नाही," ऑर्लिन म्हणाला. त्या खोऱ्यात याहून काकुळतीला येणे शक्य नव्हते.

"ठीक. दात कडक करून देऊ?"

"छे, छे. कशाला तुम्हाला त्रास."

पलीकडे पेन कागदावर सर्रकन ओढल्याचा आवाज आला. "आणि जोडीतला लहान गिअर? जुना नव्याला खाऊन टाकेल. दोन्ही नवे करूया?"

"नको, नको, एवढं कुठे करत बसता."

सर्र. "लवकर हवंय?"

"तुमच्याकडे आमच्या आधी आलेली माणसं असतील."

"आहेत."

"मग त्यांचं आधी होऊ दे."

"उत्तम. ठेवते."

आणि तिने खरोखरच ठेवला. निरोपाला सुरुवात करावी म्हणून ऑर्लिन पावसाचा विषय काढणारच होता; त्या गावात हवेवर दहा मिनिटे बोलल्याशिवाय कोणी फोन ठेवत नसे. तो बराच वेळ कानाला फोन लावून तसाच उभा राहिला.

"काय म्हणाली?" लव्हर्नने विचारले.

"एकदाच विचारलं."

"म्हणजे?"

"प्रत्येक गोष्ट एकदाच विचारली आणि खोडून टाकली."

लव्हर्न खुर्चीत हळूच बसला. "एकदाच?" तो हादरून म्हणाला. "मग शिकागोत माणसं जेवतात कशी?"

दुसऱ्याच दिवशी दरपत्रक आले. साध्या, मऊ पोलादाचा एक गिअर, दात न तापवलेले, फेब्रुवारीत. किंमत इतकी वाजवी होती की आपण नाकारलेले सगळे खरोखरच वगळले आहे, हे ऑर्लिनला तिथेच कळले. आर्डिसने कागद वाचला आणि नीट घडी घातली.

"फेब्रुवारी," ती म्हणाली. "फीनिक्सला फेब्रुवारीत संत्र्यांना बहर येतो म्हणे."

ऑर्लिनने त्या दुपारी मनाचा हिय्या केला. चूक झाली, सगळे हवे आहे, आणि लगेच हवे आहे, हे सांगायचे ठरवून त्याने शिकागोला फोन लावला. पण फोन लागताच आपली चूक सांगणे म्हणजे बाईंच्या कामाला नावे ठेवणे होईल, असे त्याच्या मनात आले. म्हणून आधी तो दरपत्रक फार सुबक आहे, असे म्हणाला. मग आकडे किती स्पष्ट छापले आहेत ते म्हणाला. मग त्याने शेतांतल्या साखरबीटांच्या काढणीची हकिगत सांगितली, आणि या वर्षी रस्त्यावर ट्रकांतून किती बीट सांडले आहेत तेही सांगितले.

"म्हणजे पसंत आहे ना?" रोझॅनने मधेच विचारले.

"वाईट काहीच नाही त्यात," ऑर्लिन म्हणाला, मुद्द्याकडे वळण्याची प्रस्तावना म्हणून.

"मस्त. मग ऑर्डर पक्की केली." आणि फोन ठेवला गेला.

अशा रीतीने चूक सुधारायला केलेल्या फोनमुळेच ती कायम होऊन बसली. लव्हर्नने समजूत घातली की मऊ गिअर म्हणजे निदान आवाज तरी कमी करील. आर्डिसने मुलीला फोन करून विमानांच्या वेळा विचारल्या. ऑर्लिन यंत्राखाली जाऊन उताणा पडला. तिथे करण्यासारखे काही नव्हते, पण तिथे कोणाला तोंडही दिसत नव्हते.

तो तिथेच असताना कार्यालयातला फोन वाजला. आर्डिसला ऐकायला जरा कमी येई, म्हणून ती फोनचा आवाज मोठा ठेवी. आणि यंत्र बंद असल्यामुळे कारखान्यात एवढी शांतता होती की पलीकडचा श्वासही ऐकू येत होता.

"रोझॅन बोलतेय. ते गृहस्थ आहेत का? हे बघा, उद्या तुमच्या चाकाचं पोलाद मागवणार. पण मला काही झोप येईना. मऊ चाक, त्यात झिजक्या जोडीदाराबरोबर. हे दोन आठवडे टिकणार नाही. मी त्यांना सगळं देऊ केलं होतं, त्यांनीच नको म्हटलं."

"किती वेळा?" आर्डिसने विचारले.

"काय किती वेळा?"

"तुम्ही किती वेळा विचारलंत?"

"एकदा. नको म्हणाले ना!"

"बाई गं," आर्डिस म्हणाली, आणि तिच्या आवाजात एकदम लहान मुलीला समजावण्याचा गोडवा आला. "आमच्याकडे पहिला 'नको' रीत म्हणून असतो. दुसरा खात्री करायला. खरं काय ते माणूस तिसऱ्यांदा सांगतो."

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग रोझॅन म्हणाली, "आणि तिसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही तर?"

यंत्राखाली ऑर्लिनने मान उचलून कान दिला. रुळाच्या कडेला साचलेले गेल्या वर्षीचे पीठ त्याच्या कपाळावर पडले, पण त्याने ते पुसले नाही.

"तर मग," आर्डिस म्हणाली, "माणूस फीनिक्सला जातो."

रोझॅनने घसा खाकरला. "मला वाटतं, आपण आता फक्त गिअरविषयी बोलत नाही आहोत."

"थांबा, त्यांना बोलावते," आर्डिस घाईने म्हणाली.

ऑर्लिन आला. कपाळावर पीठ, हातात उगीचच एक पाना. आर्डिस खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"दात कडक करू?" रोझॅनने विचारले.

"नको, कशाला त्रास."

"करू?"

"छे, खरंच नको."

"तिसऱ्यांदा विचारतेय हो मी. दात कडक करू का?"

"तुमची भट्टी पेटलेलीच असेल," ऑर्लिन म्हणाला, "तर करा बापडे."

"देवा! आता लहान गिअर. हवा?" असे करत लहान गिअरही तिसऱ्या खेपेला पदरात पडला. घाईच्या प्रश्नापाशी आल्यावर मात्र ऑर्लिनने पहिल्यांदाच खिडकीकडे पाहिले. बाहेर आभाळ बर्फाच्या रंगाचे झाले होते.

"लवकर हवंय का?" रोझॅनने विचारले. यात अजून दोन नकार ऐकावे लागणार, म्हणून ती पुढचा श्वास घेत होती.

"हो," ऑर्लिन म्हणाला.

"काय?"

"हो. लवकर हवंय. पहिल्या बर्फाच्या आत."

आर्डिस वळली. त्या कार्यालयात इतक्या उघडपणे कोणी काही मागितल्याचे तिने ऐकले नव्हते.

"बाकीच्यांना थोडं थांबायला सांगते," रोझॅन म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "आणि एक विचारू? तिकडे खिडकीबाहेर हवा कशी आहे?" मग बिचारीने निरोपासाठी चांगली दहा-बारा मिनिटे दिली.

फोन ठेवल्यावर दोघांनाही कुठे पाहावे ते कळेना. टेबलावर आर्डिसने त्या सकाळी आणलेल्या वड्यांची बशी होती, आणि बशीत लव्हर्नने अर्ध्याचे अर्धे करत शेवटी सोडलेला वडीचा तुकडा.

"आर्डिस," ऑर्लिन पान्याला उद्देशून म्हणाला, "रविवारी. खिडकीजवळचा बाक. जागा अजून आहे." आणि धीर जाण्याआधी त्याने जोडले, "हे तिसऱ्यांदा."

"मोजत होते मी," आर्डिस म्हणाली. तिने पिशव्यांचा गठ्ठा सारखा केला. तो आधीच सारखा होता. "तुम्हाला फार अडचण होणार नसेल, तर येईन. उशी माझी मी आणते."

"अडचण कसली."

"कार्लाला कळवायला हवं."

"हो. कळवायला हवं."

मग आर्डिसने बशी उचलून त्याच्यापुढे धरली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि हात अगदी स्थिर होता.

"घ्या," ती म्हणाली. "शेवटची आहे."

ऑर्लिनला ती वडी फार आवडायची. पण साठ वर्षांची सवय एका दुपारीत कुठली जायला.

"नको, नको," तो म्हणाला. "तुम्ही घ्या."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिले, बशीकडे पाहिले, आणि वडी उचलून तोंडात टाकली.

"शिकागोची रीतही," ती घास गिळून म्हणाली, "तितकीशी वाईट नाही."