हेन्रीची लढाई उद्यावर

आमच्या शेजारच्या सानेवहिनी भाजीवाल्याशी भांडतानासुद्धा इंग्लंडच्या पाचव्या हेन्री राजाला मध्ये घ्यायच्या. "भैया, इतने में तो हेन्री ने आधा फ्रान्स ले लिया था!" हेन्री म्हणजे कुणी दुसरं गिऱ्हाईक असावं, असं समजून तो बिचारा म्हणायचा, "उनको भी यही भाव दिया है, बहनजी."

जयपूरच्या लष्करी वसाहतीत ऐंशीच्या दशकात आम्ही मोजकीच मराठी कुटुंबं होतो. वहिनी साताऱ्याच्या. लग्नाआधी कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मेजर सान्यांच्या बदल्यांपायी नोकरी सुटली, हेन्री सुटला नाही. दूध उशिरा आलं की "रसद तुटली", पाहुणे रेंगाळले की "वेढा पडला". चहाला गेलं की उपाशी, आजारी सैन्य घेऊन हेन्रीनं फ्रेंचांचा कसा धुव्वा उडवला, ते ऐकल्याशिवाय सुटका नसे. त्या लांबून दिसल्या की आम्ही बायका दारं लावून घ्यायचो.

एका हिवाळ्यात सीमेवर काहीतरी बिनसलं. पहाटे दारात ट्रक लागले आणि पुरुषमंडळी निघून गेली. माझा नवराही गेला. कुठे, किती दिवसांसाठी, कुणी सांगेना. पत्र नाही, निरोप नाही. दारावरची घंटा वाजली की दार उघडण्याआधी खिडकीतून बघायचं, कोण आलंय.

मग संध्याकाळी आम्ही आपण होऊन वहिनींकडे जमू लागलो. घरात एकटं बसवतच नव्हतं. वहिनी विणकाम हातात घेऊन हेन्री सांगायच्या. समुद्र ओलांडून त्यानं एका फ्रेंच बंदराला वेढा घातला. हगवणीनं माणसं गेली. उरलेल्यांना घेऊन तो पावसाचिखलातून निघाला आणि समोर अफाट फ्रेंच फौज उभी राहिली. उद्या लढाई.

तिथे वहिनी थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिरंदाजांचे भिजलेले बूट सांगितले. तिसऱ्या दिवशी घोडे. नंतर सैनिक काय खात होते ते. लढाई काही सुरू होईना.

नुकतंच लग्न होऊन आलेली नंदा रडकुंडीला आली. "वहिनी, मतलब, जिंकतो ना तो?"

"उद्या सांगते."

माझा तोल गेला. "वहिनी, शंभरदा ऐकलंय आम्ही. जिंकला म्हणा आणि मोकळ्या व्हा! कशाला जीव टांगणीला लावताय हिचा?"

वहिनींच्या सुया थांबल्या. "जिंकला गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण लढाई सुरू झाली की जिंकणाऱ्याचीही माणसं मरतात. आज अजून सगळे जिवंत आहेत. राहू देत की."

नंदा उठून त्यांना खेटून बसली. त्यानंतर आम्हीच विचारू लागलो, "वहिनी, त्या तिरंदाजांना थंडी वाजत असेल नाही?" आणि त्या सांगत राहायच्या.

युद्ध झालंच नाही. उन्हं तापू लागली तेव्हा ट्रक परतले. मेजर साने धुळीनं माखून फाटकातून आत आले. आता वहिनी मोठ्यानं काहीतरी म्हणणार, म्हणून आम्ही सगळ्या बघत होतो. पण त्या सरळ खाली बसल्या आणि नवऱ्याच्या बुटाची नाडी सोडू लागल्या. धुळीनं गाठ घट्ट बसली होती, ती सुटेना.

"अगं, राहू दे, मी काढतो," मेजर म्हणाले.

वहिनींनी नाडी हातातून सोडली नाही.