साडूंची कॅम्पर आणि माझा खंदक

गळती या विषयात माझा शब्द अखेरचा मानला जातो. शहरातल्या कोणत्याही इमारतीत, कोणत्याही भिंतीला ओल आली की आमच्या कार्यालयातून मला पाठवतात. आणि मी भिंतीवर नुसते बोट टेकवून पाणी कुठून शिरले ते सांगतो. घरमालक आ वासून पाहत राहतात! माझे सगळे शास्त्र एका सूत्रावर उभे आहे : पाणी भिंतीत जन्माला येत नाही, ते बाहेरूनच येते. वाट शोधा, बुजवा आणि घरी जा. तेव्हा मुंगीसारख्या क्षुल्लक जिवाला एका बंद गाडीत शिरू न देणे हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असे मला वाटले तर त्यात माझे काय चुकले, तुम्हीच सांगा!

गाडी माझ्या साडूंची. गाडी कसली, चाकांवरचे घरच ते : मागे पलंग, मध्ये ओटा आणि शेगडी, पुढे गोल फिरणाऱ्या दोन खुर्च्या. साडूंची पाठ लांबच्या प्रवासाला साथ देईना, म्हणून त्यांनी ही कॅम्पर विकायला काढली होती. आणि माझ्या बायकोचा जीव तिच्यावर जडला होता. बायको रुग्णालयात परिचारिका आहे. वर्षानुवर्षे रात्रपाळ्या करून ती दिवसा जाड पडद्यांमागे झोपत आली आहे. "एकदा तरी मला खिडकीशी झोपून उजाडताना बघायचंय हो," असे ती म्हणाली, तेव्हा तिचे निम्मे बोलणे वर्तमानपत्राआडून ऐकणारा मी, वर्तमानपत्र खाली ठेवून बसलो.

"शनिवार-रविवार राहून बघा," साडू म्हणाले होते. "रविवारी दुपारी मी आणि ही तिकडेच चहाला येतो, तेव्हा ठरवू. पण साडूभाऊ, एक दंतवैद्यही मागे लागलाय हं! गाडी जशी नेली तशीच दिसली पाहिजे."

"तशी? त्याहून चांगली दिसेल!" मी म्हणालो. आता आठवले की जीभ चावावीशी वाटते.

शनिवारी सकाळी आम्ही तलावाकाठच्या तळावर पोचलो. मी जॅक टेकवून गाडी समतल केली, विजेची तार जोडली, पाण्याची नळी लावली. बायकोने चहा टाकला, साखरेचा डबा उघडला आणि सहज म्हणाली, "अगंबाई, मुंगी."

"किती?"

"एक."

"गळतीसुद्धा आधी एका थेंबाचीच असते!" मी उसळलो.

"अहो, मुंगी आहे ती. चहा प्या, निवतोय."

मी चहा प्यालो नाही. पाच मिनिटांत दुसरी दिसली, मग तिघीजणी. बायको वाकून पाहत म्हणाली, "त्या ओट्यामागून येताहेत बहुतेक."

मला हसू आले. नवख्यांची हीच चूक होते. "हे बघ, ओल जिथे दिसते तिथे पाणी शिरत नाही. त्या दिसतात ओट्यामागे, पण शिरतात जमिनीवरून! गाडी जमिनीला कुठेकुठे टेकली आहे? चाकं, जॅक, पायरी, तार, नळी. एवढ्या वाटा तोडल्या की संपलं!"

मी कामाला लागलो. जॅकखाली पाणी भरलेल्या ताटल्या ठेवल्या. तारेला, नळीला आणि चाकांना बायकोच्या व्हॅसलीनची अख्खी डबी फासली. पायरी उचलून आत घेतली. यानंतर तासाभरात मुंग्या दुप्पट झाल्या!

तेवढ्यात साडूंचा फोन.

"काय साडूभाऊ, कसं काय? बाकी सगळं ठीक?"

"उत्तम! एकदम उत्तम!" माझ्या मनगटावरून एक मुंगी चालली होती, मी तिला फुंकर घातली.

"नाही, म्हणजे... काही दिसलं-बिसलं नाही ना?"

"कुठे काय! काय दिसायचंय?"

"छे छे, सहज विचारलं."

"सहजच ना?"

"अगदी सहज."

मी फोन ठेवला. माणूस उगाच विचारतो का असे? त्यांना संशय आला होता! आपल्या लख्ख गाडीत आम्ही काहीतरी घाण करून ठेवणार, हा वहीम त्यांच्या आवाजात स्पष्ट होता. उद्या दुपारी त्यांना एक जरी मुंगी दिसली तर गाडी दंतवैद्याच्या दारात उभी राहणार आणि बायको पुन्हा जाड पडद्यांमागे जाणार. आता अर्धवट उपाय उपयोगाचे नव्हते. मी खंदक खणायचे ठरवले.

फावडे शेजारच्या तंबूतून मिळाले. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक उतरले होते. त्यांनी फावडे दिले आणि ते कसे वापरले जाते हे पाहण्यासाठी खुर्ची ओढून बसले.

"कोणाविरुद्ध?" त्यांनी विचारले.

"मुंग्यांविरुद्ध."

"अस्सं! मला वाटलं, सासरचे येणार आहेत."

"तेही येणार आहेत."

"मग आणखी खोल घ्या."

मी गाडीभोवती चारही बाजूंनी चर खणला आणि नळीने काठोकाठ भरला. जमीन तहानलेल्या बैलासारखी पाणी पीत होती; मी भरत होतो, ती पीत होती. संध्याकाळपर्यंत खंदकात एक बेडूक राहायला आला. त्याला मात्र ही योजना मनापासून आवडलेली दिसली.

"मला बाहेर बसायचंय," बायको दारातून म्हणाली. तिच्या हातात विणकाम होते.

"उडी मार."

"मी दोन वॉर्ड सांभाळते हो, उड्या मारत नाही. फळी टाका."

"फळी टाकली तर तो पूल होईल! त्यावरून त्या येतील!"

"अहो, आत शेकड्यांनी झाल्यात. आणखी कोण यायचं राहिलंय?"

"तोच तर मुद्दा आहे! कुठून तरी अजून येताहेत!" असे म्हणून मी पुन्हा नळी सोडली. ती दारात तशीच उभी राहिली, मग आत जाऊन तिने पडदा ओढला. दिवसभरात आम्ही दोघे एकदाही शेजारी बसलो नाही, हे माझ्या लक्षात आले. पण नळी वाहती होती आणि ती सोडून कसा जाणार!

रविवारी सकाळी मी कपात चहा ओतला आणि कप ओट्यावरून आपणहून चालू लागला. मी त्याच्याकडे पाहत असतानाच तो काठावर पोचला आणि खाली गेला. पुढचे डावे चाक चिखलात निम्मे रुतले होते! साऱ्या गाडीने, पाठ धरलेल्या माणसाने सोफ्यावर अंग टाकावे तसे, एका बाजूला अंग टाकले होते. आणि साखरेचा डबा? तो काळा दिसत होता, आणि हलत होता.

"आता मी काही बोलत नाही," बायको म्हणाली. आणि विणकाम घेऊन बसली. मला तेच जास्त लागले.

साडू आणि मेव्हणी आले तेव्हा मी बायकोला फळीवरून बाहेर आणून फळी लगेच काढून घेतली होती आणि टेबल-खुर्च्या गाडीपासून शक्य तितक्या दूर मांडल्या होत्या.

"या, या! बाहेरच बसू. काय हवा आहे!"

"बाहेरच!" साडू माझ्याहून मोठ्याने म्हणाले. "आत काय ठेवलंय! आतलं तर आम्ही पाहिलेलंच आहे."

मला हायसे वाटले. पण हा गृहस्थ गाडीकडे पाहतच नव्हता! गाडी बुडत्या जहाजासारखी कललेली, भोवती खंदक, आणि साडू मान वळवून तलावाचे कौतुक करत होते.

"गाडी वाकडी का दिसते गं?" मेव्हणीने विचारले.

"इथली जमीनच तशी आहे!" मी म्हणालो.

"इथली जमीनच तशी!" साडू म्हणाले.

"आणि हे पाणी?"

"शोभेचं!" मी म्हणालो. पलीकडून मुख्याध्यापकांना ठसका लागला.

मेव्हणीने चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे. थांबा, मी आतून डबा आणते."

"मी आणतो!" मी उठलो.

"तुम्ही कशाला, मी आणतो!" साडू पाठदुखी विसरून उठले.

"पाहुण्यांनी बसावं!"

"गाडी माझी आहे, मी पाहुणा कसला!"

आम्ही दोघांनी एकाच वेळी खंदकावरून उडी मारली आणि एकाच वेळी दाराच्या चौकटीत अडकलो. दोघांचा भार पडताच चाकाखालची जमीन हुश्श करून खचली. कपाटे उघडली, तवा खणखणत खाली आला, आणि ओट्यामागची प्लायवुडची फळी सुटून आमच्या पायांशी पडली. फळीमागे एक अख्खे शहर होते! रस्ते, चौक, अंड्यांची कोठारे, आणि एवढी गर्दी की मला क्षणभर गरगरले.

"मी आजच साफ करणार होतो!" मी ओरडलो.

"मी आजच सांगणार होतो!" साडू ओरडले.

मग आम्ही एकमेकांकडे पाहिले.

"काय सांगणार होतात?" मी विचारले.

साडूंचा चेहरा उतरला. "त्या आमच्याच आहेत हो. मागच्या उन्हाळ्यापासून. औषध मारलं, धूर केला, जात नाहीत. तुम्हाला दिसल्या तर गाडी नको म्हणाल, म्हणून..."

"म्हणून काल विचारत होतात, काही दिसलं का!"

"मग! आणि तुम्ही काही दिसलं नाही म्हणालात, तेव्हा मला वाटलं, सुटलो!"

बायको खंदकापलीकडे कमरेवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे रोज खाली उतरून आपलं पोट भरून येणाऱ्या मुंग्यांना यांनी दोन दिवस आत कोंडून ठेवलं," ती शांतपणे म्हणाली. "ताटल्या ठेवून. व्हॅसलीन फासून. खंदक खणून! मग त्या साखरेच्या डब्यावर येणार नाहीत तर काय करतील?"

माझ्या नोकरीत असा प्रसंग कधी आला नव्हता. भिंतीत जन्मलेले पाणी मी पाहिलेच नव्हते.

साडू ओशाळून म्हणाले, "आता तुम्ही गाडी घेणार नाही, हे कळतंय मला. दंतवैद्यालाही आता काय सांगणार!"

"घेणार नाही असं कोण म्हणालं?" बायको म्हणाली. "मी घेणार आहे. चाक वर काढून द्या, एवढंच."

"मुंग्यांसकट?" मेव्हणीने डोळे विस्फारले.

"भाऊजींनी वर्षभर सांभाळल्या, मी सांभाळीन. सोळा रुग्ण एका खोलीत सांभाळते मी, ताई. त्या निदान घंटा तरी वाजवत नाहीत."

तळाच्या रखवालदाराने ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर ओढली. तोवर बायकोने टाचेने खंदकाचा काठ फोडला होता. पाणी ओसरले आणि चिखल थोडा सुकताच चाकावरून मुंग्यांची पहिली रांग खाली उतरली. सुट्टी झालेल्या शाळेसारखी, पण पुष्कळ शिस्तीत. मुख्याध्यापकांनी उभे राहून पाहिले.

पहिल्या सहलीची वेळ आली तेव्हा मी उत्साहाने नकाशा पसरला. "बोल, आपण कुठे जायचं?"

"मी आणि ताई समुद्राकडे जातोय," बायको म्हणाली.

"आणि आम्ही?"

"तुम्ही दोघं आराम करा. गाडीत जागा बेताचीच आहे, नाही का?"

आता साडू आमच्याकडे मुक्कामाला आहेत. आज सकाळी मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत असतानाच बायकोचा फोन आला. मी घाईने विचारले, "उजाडलं का?"

"उजाडतंय. खिडकीशी पडून बघतेय. बोलू नका जरा." मग पुष्कळ वेळ नुसता लाटांचा आवाज. शेवटी म्हणाली, "झालं. फारच छान झालं हो."

"आणि मुंग्या?"

"आहेत की. आत्ताच बिस्किटाचा चुरा दिला त्यांना. ठेवते."

साडू चहाचा कप घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होते. "काय म्हणाल्या? आपली आठवण काढली का?"

"नाही," मी म्हणालो. "पण मुंग्या मजेत आहेत."