वरातीच्या चालीचा कार्बोरेटर

मी फक्त आमच्या फियाटचा कार्बोरेटर बदलायचं ठरवलं होतं, सत्तांतर घडवायचं नव्हे. पण आमच्या घरात कुठलाही बदल जेवताना जाहीर करायचा नसतो, हे जर्मनीत शिकायला गेलो तेव्हा मी विसरून गेलो असणार.

“गाडी चालतंय ना?” बाबांनी भाकरी मोडत विचारलं.

“चालते, पण तिचा श्वास कोंडतो.”

“तुजं बोलनं ऐकून माजा पन कोंडतो. मग मी काय बदलू?”

आपली जुनी यंत्रं भंगारात जाऊ द्यायची नाहीत, हे ध्येय घेऊन मी भिवंडीला परतलो. (बाबा गोदामं भाड्याने देतात. माझं ध्येय त्यातल्या एका गोदामाचा कोपरा अडवून उभं आहे.) आल्या आल्या मी फियाटचं इंजिन खोललं, सिलिंडर किंचित मोठे करून घेतले, झडपा उघडणारा कॅमशाफ्ट जरा तापट बसवला. शर्यतीचं इंजिन नव्हे, नुसतं झणझणीत. आता त्याला हवा आणि पेट्रोल कालवून वाढणारा, म्हणजे कार्बोरेटर, तेवढाच तोलामोलाचा हवा होता.

तेवढ्यात माझी बहीण नेत्रा म्हणाली, “दादा, आईची वरात ह्याच गाडीतून निघाली होती. माझीही ह्यातूनच निघेल.”

तिचं लग्न खारबावच्या कुमारशी ठरलं होतं. आई डोळे पुसायला आत गेली. बाबा मात्र बाहेरच राहिले.

“ठीक हाय,” ते म्हणाले. “पन वरातीत एकदा जरी बंद परली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येल. मी सवता हार घालून पाठवीन तिला.”

म्हणजे आता नुसत्या कार्बोरेटरचा नाही, माझ्या ध्येयाचा प्रश्न होता. मी भिंतीवर खडूने गणित मांडलं. इंजिन जिवाच्या आकांताने फिरलं तर त्याला किती हवा लागेल? उत्तर आलं: भरपूर. मी मुंबईहून दोन तोंडांचा, पितळी नळ्यांचा एक भव्य कार्बोरेटर आणला. तो बसवल्यावर बोनेट लावायला त्यावर बसावं लागलं. (मी बसलो. नेत्राने फोटो काढला. तो अजून फिरतोय.)

अंबाडी गावाच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी सुटली की मला जर्मनीतलं स्टुटगार्ट आठवलं. त्याच उत्साहात मी नेत्राच्या होणाऱ्या सासरी, खारबावला, गाडी दाखवायला गेलो. गल्ली अरुंद, पुढे म्हशी. वेग माणसाच्या चालीवर आला आणि गाडीने खोकत खोकत कुमारच्या दारातच प्राण सोडला.

कुमारच्या आत्या जानकीबाई बाहेर आल्या. त्या घरात त्यांच्या शब्दाला देवसुद्धा थांबतो.

“यवा, यवा! चहा घ्या.”

चहा झाला. गाडी सुरू झाली, दोन पावलं गेली, मेली. जानकीबाई पुन्हा बाहेर.

“कमी परला का चहा?”

मग पोहे झाले. मग “आता जेवूनच जा” झालं. शेवटी गाडी टेम्पोवर चढवून मी निघालो, तेव्हा डिकीत त्यांनी दिलेली सुकी मच्छीही होती.

“दादा,” घरी नेत्रा शांतपणे म्हणाली, “वरातीत प्रत्येक दारी ओवाळणी असते. तिथे गाडी बंद पडून प्रत्येक वेळी जेवायचं म्हटलं तर मी नांदायला कधी जाणार?”

त्या वाक्यावर माझे डोळे उघडले. मी इंजिनाच्या स्वप्नाला लागेल एवढी हवा मोजली होती. त्याच्या आयुष्याला लागेल एवढी नव्हे! आकांताने ते फिरणार कुठे? भिवंडीत? कंटेनरच्या रांगेत? जाड नळीने शहाळं ओढलं की तोंडात नुसती हवा येते, तसं झालं होतं. संथ इंजिनाला अरुंद गळ्याचा कार्बोरेटर हवा, म्हणजे हवा जोरात ओढली जाते आणि पेट्रोल नीट मिसळतं. मी एक छोटा, एका तोंडाचा, दिसायला गरीब कार्बोरेटर शोधून आणला आणि लग्नाच्या गाण्यांच्या गोंधळात कान लावून त्याचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत बसलो. हळद लागली नेत्राला. पिवळा झालो मी. (मांडवातून कोण येऊन फासून गेलं, कळलंच नाही.)

आणि वरात निघाली. पुढे बँड, मध्ये फियाट, आत नेत्रा-कुमार, स्टिअरिंगवर मी. दर दारी थांबा, ओवाळणी, नाच, मग पुन्हा मुंगीची चाल. मागून पाहुण्यांची चकचकीत नवी गाडी येत होती. तिच्या क्लचचा करपट वास आला आणि ती बाजूला लागली. आमची फियाट? ना खोकला, ना आचका! इंजिन इतकं मऊ चाललं होतं की डॅशबोर्डवरचा गणपतीही हलत नव्हता. बाबा नाचता नाचता जवळ आले, बोनेटवर हात ठेवून थांबले आणि खिडकीत वाकले.

“चालू हाय रं!” त्यांचे डोळे भरले होते. “भंगारवाल्याला सांगतो, नको येऊ.”

मी जिंकलो होतो. विज्ञान जिंकलं होतं. भिवंडी तालुक्यातली तमाम जुनी यंत्रं माझ्याकडे आशेने पाहत होती.

कुमारच्या दारात जानकीबाईंनी बँड थांबवला. हातात शालींची चळत. मी गाडीतून उतरून, केस सारखे करून, नम्र चेहरा तयार केला.

त्यांनी गाडीमागे डिकीवर हात टेकून नाचत आलेल्या पोरांना पुढे बोलावलं आणि एकेकाच्या खांद्यावर शाल घातली.

“शाबास रं पोरांनो! गावच्या येशीपासून दारापर्यंत गाडी ढकलत आनली, पन नवरीला एक धक्का लागू दिला न्हाय.”

“आत्या,” मी ओरडलो, “इंजिन चालू होतं!”

“आवाज तं न्हाय आला कुनाला.”

“तेच तर! तोच तर कार्बोरेटर—”

“असू दे बाला, लाजू नको,” त्यांनी माझ्या हातात एक नारळ ठेवला. “फुडच्या महिन्यान आमच्या गोदूचं लगीन हाय. हीच गाडी पायजे. ढकलायला पोरं आमची. तू नुसता स्टिअरिंग धरायला ये.”