दोन वर्षांची गळती

इंदिरानगरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी राहून मोहिनी फोनवर बोलत होती आणि तिचा आनंद गगनात मावत नव्हता. दोन वर्षं जी गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती आज तिने डॉक्टरीणबाईंना सांगून टाकली होती. खोकलं, शिंकलं, मनापासून हसलं की तिला थोडी लघवी व्हायची. त्यामुळे लग्नकार्यात ती हसू दाबून बसायची आणि लोक म्हणायचे, किती सोज्वळ बाई.

"हो मॅडम, गळती दोन वर्षांपासून आहे." लाजिरवाणे शब्द कुजबुजत आणि बाकीचे मोठ्याने, असं तिचं चाललं होतं. "नाही, लपवूनच ठेवलं. काय सांगता? नुसतं आवळून थांबेल? कापाकापी नको?"

लघवी अडवणारे स्नायू आवळायचे, दहा मोजायचे, सोडायचे. दिवसातून तीनदा, तीन महिने. चहा कमी करायचा. बहुतेकींना फरक पडतो, नाहीच पडला तर पुढचे उपाय आहेत, अगदी छोटं ऑपरेशनसुद्धा. "वय झालं म्हणून सोसत बसायचं नसतं हो," डॉक्टर म्हणाल्या. मोहिनीने तिथेच उभ्या उभ्या दहा मोजायला सुरुवात केली.

खालच्या गॅलरीत रंगनाथराव वाळलेले कपडे काढत होते. त्यांच्या बाथरूमच्या छताला दोन वर्षं ओल होती. ती वरूनच येते असं ते म्हणायचे आणि मोहिनीचा नवरा ललित म्हणायचा, आमच्याकडे थेंबही गळत नाही. या वादात सोसायटीच्या चार मीटिंगा मोडल्या होत्या. आज वरच्या गॅलरीने आपल्या तोंडाने कबुली दिली. रंगनाथराव हातातल्या बनियनसकट जिना चढले, प्लंबर शौकतला फोन लावतच.

ललित ओझरहून कामावरून आला तेव्हा घरातल्या एकुलत्या एक संडास-बाथरूममध्ये शौकत छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता.

"ललितराव, वहिनींनीच कबूल केलंय," रंगनाथराव म्हणाले. "गळती दोन वर्षांपासून आहे, लपवून ठेवली. या कानांनी ऐकलं मी."

"मोहिनी, असं म्हणालीस तू?"

मोहिनी पेचात पडली. नाही म्हणावं, तर कशाची गळती ते सांगावं लागणार. हो म्हणावं, तर ललितने गेल्या दिवाळीत हौसेने बसवलेल्या निळ्या टाइल्स फुटणार.

"हो," ती म्हणाली.

"आणि मी चार मीटिंगा भांडलो?" ललित मटकन स्टुलावर बसला.

"भाभी, गळती कधी जास्त होते?" शौकतने विचारलं.

"शिंकलं की," ती बोलून गेली.

"कोण शिंकतं? नळ?"

शौकतने छिन्नी टाइलवर टेकवली, हातोडा उचलला. ललितने डोळे मिटून घेतले. त्याचा तो चेहरा मात्र मोहिनीला बघवेना.

"थांबा. गळती बाथरूमची नाही, माझी आहे. हसले, खोकले की मला थोडी लघवी होते. आजार आहे तो, व्यायामाने बरा होतो. झालं समाधान?"

रंगनाथराव हातातल्या बनियनकडे बघत राहिले. ललित उठून तिच्याजवळ आला. "मला का नाही सांगितलंस गं?" असं त्याने विचारलं आणि तिला रडू येणार, तेवढ्यात भांबावलेल्या शौकतच्या हातून हातोडा निसटला. तो थेट टाइलवर पडला. टाइल फुटली. आतून पाणी वर आलं, आधी पाझरत, मग चांगलं धार धरून.

"पाइपच गेलाय," शौकत म्हणाला. "लय दिवसांचा."

रंगनाथराव दोन वर्षांनी जिंकले होते, पण आता आनंद कोणत्या तोंडाने करावा ते त्यांना कळेना. जी टाइल वाचवायला मोहिनीने तीन पुरुषांसमोर लाज सोडली, ती तुकडे होऊन पाण्यात पडली होती. तिला हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती खदखदून हसली आणि हसता हसता तिने एकदम पाय जवळ घेतले.

"काय झालं?" ललितने विचारलं.

"व्यायामाचा आज पहिलाच दिवस आहे," मोहिनी म्हणाली. "सगळे आधी बाहेर व्हा."