पायजम्यासकट

गणिताच्या बाईंनी गोधडीची तीच ओळ एकोणिसाव्यांदा उसवली, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं आणि फार जपून विचारलं, "चहा टाकू का?"

"चहाने कोपरे जुळणार आहेत का?"

"नाही, तसं नाही..."

"मग राहू दे."

नवरा पुन्हा वर्तमानपत्राआड गेला. गेले पाच आठवडे तो घरात असाच वावरत होता, पावलं न वाजवता. पायाखाली टाचणी येईल ही एक भीती होती आणि बाई रडतील ही दुसरी. दुसरी जास्त मोठी होती, कारण संसाराच्या इतक्या वर्षांत बाईंना रडताना त्याने पाहिलंच नव्हतं. बाईंनी दुसऱ्यांना रडवलं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि त्यांच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की चौथ्या मजल्यावरचे वर्ग गप्प होत.

या सगळ्याचं मूळ बाईंच्याच जिभेत होतं. नणंदेच्या मुलीला दिवस गेल्याची बातमी ऐकून सगळे नातेवाईक जमले असताना कोणीतरी दुकानातून नमुन्याला आणलेली एक छोटी गोधडी दाखवली. सगळ्यांनी वा वा केलं. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "यात एवढं काय आहे? चौकोनाला चौकोन जोडायचा. बाळासाठी मीच शिवीन की."

चौदा माणसं हजर होती. नणंद त्यांतली एक, आणि ती शब्द पकडण्यात पटाईत. "वहिनी, खरंच? मग आम्ही विकत घेत नाही हं."

"नकाच घेऊ, वन्सं."

झालं. शब्द गेला होता.

गोधडी शिकवणारी बाई दोन गल्ल्या सोडून होती. कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान, मागे एक लांबट खोली, खोलीत एक टेबल आणि टेबलाभोवती मंगळवारी आणि शुक्रवारी चार बायका. सारी गल्ली तिला शिवणताई म्हणायची. बाई पहिल्या दिवशी आत शिरल्या तशी शिवणताई हातातली कात्री टाकून ताडकन उभी राहिली.

"बाई, तुम्ही!"

"ओळखता का मला?"

"आठवीत होते तुमच्याकडे. खिडकीजवळच्या बाकावर. भूमितीत तेरा मार्क."

"मीच दिले असणार," बाई म्हणाल्या.

"हो ना. आणि वहीत लाल शाईने लिहिलं होतंत, 'रेषा सरळ काढणे.'" शिवणताई हसली. त्या हसण्यात कुठे काही खुपत नव्हतं, म्हणून बाईंना ते जास्तच खुपलं.

त्या दिवशी शिवणताईने एक पातळ, निळं, चौकोनी कापड घेतलं. त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, मग तिरकी घडी, मग आणखी एक. हातात उरलं एक निमुळतं टोक. ना पट्टी, ना खडू. कात्री एकदाच तिरकी चालली. मग तिने कापड टेबलावर झटकून उलगडलं आणि आठ टोकांचा तारा पसरला. आठही टोकं सारखी. दोन टोकांमधले कोनही सारखे.

बाई बघतच राहिल्या. पंचेचाळीस अंशांचा कोन त्यांनी आयुष्यात हजारदा फळ्यावर काढला होता. कंपास लावून, कंस मारून, दुभाजक काढून. इथे तो कापडातून आपणहून आठदा बाहेर पडला होता आणि काढणारीला त्यात सांगण्यासारखं काही वाटतही नव्हतं.

"हे कसं जमलं तुला?" बाईंच्या तोंडून 'तुला' निघून गेलं.

"कमी तिरकं कापलं तर नुसतं गोल दिसतं, बाई. फार तिरकं कापलं तर टोकं तुटतात. पंचवीस-तीस फडकी वाया घालवली, मग बसलं."

पंचवीस-तीस. बाई कोणाला दुसऱ्यांदाही चुकू देत नसत.

बाईंनी साधे चौकोनच घेतले. दहा सेंटिमीटरचा एक, असे बारा एका ओळीत, म्हणजे एकशेवीस. हिशोब पक्का. ओळ शिवून झाली, फूटपट्टी लावली, तर ओळ आखूड! "बारा सेंटिमीटर गेले कुठे?" बाई ओरडल्या.

"अकरा गेले असतील," शिवणताई मान वर न करता म्हणाली. "बारा तुकड्यांत जोड अकरा. प्रत्येक जोडाला दोन्हीकडून अर्धा-अर्धा शिलाईत जातो."

बाईंनी पुन्हा नीट मोजलं. एकशेनऊ. बरोबर अकरा. उरलेल्या चार बायकांनी माना खाली घातल्या, पण एकीचे खांदे हलत होते.

तिथून जी घसरण सुरू झाली ती थांबेना. ओळींना ओळी जोडल्या तर कोपरे जुळेनात. कोपरे जुळवायला ओढलं तर कापड फुगलं. कसंबसं वरचं अंग तयार झालं. त्याखाली जुन्या मऊ चादरीचा थर, त्याखाली अस्तर, असे तिन्ही थर धरून धावदोरा घालायची वेळ आली, तर टाके कुठे मुंगीएवढे, कुठे झुरळाएवढे. आणि शिवणताई दर शुक्रवारी गोधडी उलटी करून हळूच म्हणायची, "बाई, खालचा थर सुटतोय. सुई खोल जाऊ दे. खाली बोटाला टोचली की मगच वर काढा."

बाई घरी आल्या की ती ओळ उसवत आणि परत घालत. रात्री पडल्या पडल्या त्यांना खिडकीजवळच्या बाकावरची ती मुलगी आठवे. तिची वही आपण सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवली होती का? दाखवली असेल. आपल्याला त्यात गैर वाटलं नसेल. या वयात आपण ढ आहोत हे कळणं फार वाईट, आणि आपण ढ आहोत हे एका ढ मुलीला कळणं त्याहून.

तर एकोणिसाव्यांदा उसवून झालं ती दुपार. नणंद चार वाजता गोधडी बघायला येणार होती. बाईंनी जेवणाचं टेबल सोडलं, कारण त्यावर गोधडी मावत नव्हती, आणि ती पलंगावर पसरली. पलंगाच्या अर्ध्या भागावर नवरा दुपारची झोप घेत होता. पसरलेल्या गोधडीचा एक कोपरा त्याच्या पायांवरून गेला. त्याला उठवायचं बाईंच्या जिवावर आलं. बिचारा पाच आठवडे टाचण्यांच्या भीतीने नीट झोपला नव्हता.

बाई काठावर बसल्या आणि शिवणताईचं ऐकायचं त्यांनी ठरवलं. सुई खोल. आणखी खोल. काहीही सुटता कामा नये. खोलीत नवऱ्याच्या घोरण्याशिवाय आवाज नव्हता. हे घोरणं बाईंनी आयुष्यभर सोसलं होतं, ऐकलं मात्र कधी नव्हतं. आज ऐकू आलं. श्वास आत, सुई खाली. श्वास बाहेर, सुई वर. बाईंच्या डोक्यातून नणंद गेली, चौदा माणसं गेली, लाल शाईही गेली. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, तीही संपली. किती वेळ गेला कोणास ठाऊक.

दारावरची घंटा वाजली.

नवरा दचकून उठला, "आलो, आलो," म्हणत दाराकडे धावला आणि त्याच्यामागोमाग गोधडी, पलंगपोस आणि एक उशी, अशी मिरवणूक निघाली. दार उघडलं तेव्हा तो एका पायावर उभा होता आणि दुसरा पाय कुठे आहे हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं.

"दादा, हे काय?" नणंद म्हणाली.

"गोधडी," दादा म्हणाला. "बघायला आली होतीस ना? बघ."

बाई मागून धावत आल्या. त्यांनी गुडघे टेकून कापड उचकटून पाहिलं. वरचं अंग, चादर, अस्तर, पलंगपोस आणि नवऱ्याच्या पायजम्याचा उजवा पाय, असे पाच थर त्यांनी एकाही ठिकाणी न सोडता शिवून टाकले होते.

"वहिनी, पायाला नाही ना शिवलंत?" नणंदेने घाबरून विचारलं.

"पाय सुटला," नवरा म्हणाला. "बाकी सगळं पकडलंय."

तो तसाच आतल्या खोलीत गेला आणि दुसरा पायजमा घालून आला. बाई जमिनीवरच बसून होत्या. त्यांचा आवाज आला तो ओळखू येण्यासारखा नव्हता. "वन्सं, बाळासाठी विकतचीच आणा. मला नाही जमत. मी बोलले तेव्हा मला काही माहीत नव्हतं."

या क्षणाची नणंदेने पाच आठवडे वाट पाहिली होती, आणि आता तो आल्यावर तिला त्याचं काय करावं ते कळेना. "असं काय करता, वहिनी," एवढंच ती म्हणाली आणि शेजारी खाली बसली.

पण बाईंचा निश्चय झाला होता. हे सगळं असंच शिवणताईपुढे नेऊन टाकायचं आणि वर्गातून नाव काढायचं. नवऱ्याने एका बाजूने बोचकं धरलं, नणंदेने दुसऱ्या. बाई पुढे. बोचक्यातून पायजम्याचा पाय बाहेर लोंबत होता.

औषधांच्या दुकानाच्या पायरीवरून दुकानदाराने हाक मारली, "काका, कोण आहे आत?"

"कोणी नाही."

"पाय दिसतोय."

"रिकामा आहे," नवरा म्हणाला आणि चालू लागला. दुकानदार बराच वेळ पायरीवर उभा राहून बघत होता.

शुक्रवार होता. वर्ग भरलेला होता. बाईंनी टेबलावर बोचकं टाकलं आणि पाठ केल्यासारखं बोलून टाकलं, "शिवणताई, मी ढ आहे. हे उसवू नकोस, वेळ जाईल. उद्यापासून मी येत नाही."

शिवणताईने पलंगपोस बाजूला केला, पायजम्याचा पाय उलटा केला, चष्मा पुसला आणि खाली वाकली. मग ती एका ओळीवरून नख फिरवत गेली. टोकापर्यंत गेली, परत आली.

"बाई, हे तुम्ही घातलेत?"

"मग काय यांनी?"

"इकडे या सगळ्याजणी," शिवणताई म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली गेला होता. "हे बघा. बोटाच्या पेरात सात टाके. पुढच्या पेरात सात. इथे सात. पाच थरांमधून! बाई, मला पाच थरांत सातचा टाका अजून येत नाही."

बायका वाकल्या, नणंदही वाकली. बाईंनी शेवटी, नाइलाजाने, पाहिलं. दोन ओळी होत्या. सरळ, बारीक, शांत. कोणा दुसऱ्याच बाईने घातल्यासारख्या. त्यांनी आपला हात उलटा करून पाहिला, बोटांवरच्या टोचल्याच्या खुणा पाहिल्या, आणि परत ओळी पाहिल्या. हे याच हातातून आलं होतं.

"काय करत होतात तेव्हा?" शिवणताईने विचारलं.

"काही नाही. हे घोरत होते. त्याच्यावर... म्हणजे, श्वास आत की सुई खाली."

सगळ्या बायकांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला.

शिवणताईने कात्री घेतली. बाईंनी डोळे मिटले. कर्र असा आवाज आला. डोळे उघडले तर गोधडी शाबूत होती. पलंगपोसाला मोठं भोक पडलं होतं आणि पायजम्याला उजवा पाय उरला नव्हता.

"या ओळी मी उसवणार नाही आणि कोणाला उसवू देणार नाही," शिवणताई म्हणाली. "गोधडीला चिकटून राहिलेलं पायजम्याचं कापड अस्तराला मी आतून बसवून देते. मऊ आहे, बाळाला बरं. आणि काका, मंगळवारी तुम्हीपण या."

"मी? मी काय करू?"

"ती आरामखुर्ची आहे ना, तिच्यात झोपा."

मंगळवारी नवरा धुतलेला सदरा घालून आला आणि आरामखुर्चीत बसला. बाईंनी गोधडी मांडीवर घेतली. बाकीच्यांनीही सुया ओवल्या आणि थांबल्या. पाच मिनिटं गेली. नवरा डोळे मिटून पडला होता, पण पापण्या फडफडत होत्या. अशा पाच सुया रोखलेल्या असताना कोणाला झोप लागणार?

मग त्याने बारीक डोळ्याने बायकोच्या थबकलेल्या हाताकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि घोरायला लागला. बायकांच्या सुया लगेच हलल्या. खाली, वर. खाली, वर. शिवणताईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

बाईंनी चार टाके घातले आणि मान वर न करता म्हणाल्या, "खोटं घोरताय. टाका मोठा पडतोय."

घोरणं थांबलं. खोलीतल्या चार सुया जागच्या जागी थांबल्या. बाईंची सुई मात्र खाली गेली, बोटाला टोचली, वर आली, पुन्हा खाली गेली. ओळीच्या अर्ध्यावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाकी सगळ्याजणी आपापलं काम सोडून त्यांच्याकडे बघत आहेत, आणि आरामखुर्चीतून नवराही, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून.