खंबाटकीत अडकलेलं विमान

“घरचं माणूस वाटंवर आसलं, की बाईनं तोंडात घास घालायचा न्हाई.” सासूबाई एवढं सांगून गेल्या आणि मनुबाईनं ते पाळलं. बैलगाडीला निभावलं, आगगाडीलाही निभावलं. आता मुलगा कृष्णात लढाईत विमानांचा मिस्त्री झाला होता आणि आज सकाळी पुण्याहून विमानानं कोल्हापूरला निघणार होता. सुखरूप उतरला की औंधला अनवाणी येऊन ओटी भरीन, असंही ती यमाईला बोलली होती.

“आवं, इमानाला पुण्याहून कोल्हापूर किती वेळ?” तिनं नवऱ्याला विचारलं. आपण जेवायचं कधी, एवढंच तिला कळायला हवं होतं.

नाथाजीनं वडिलांकडे बघितलं. लालासाहेब मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. घरातल्या लांबच्या वाटांचा हिशेब त्यांच्याकडे.

“उन्हं तापायच्या आत पोचंल,” ते म्हणाले. मनुबाईनं पिठाचा डबा काढला.

“पर आबा, खंबाटकीचा घाट? भरल्या मोटारीला तिथं धाप लागती,” नाथाजी म्हणाला.

“व्हय की. मग दुपार धर.”

डबा परत फळीवर गेला.

“साताऱ्याला च्याला थांबत्यालच,” शेजारचा केरबा उंबऱ्यात टेकत म्हणाला.

“पलटणीचं लोक. च्याबिगर हलायचं न्हाईत,” लालासाहेबांनी मान डोलावली.

“आन् कराडच्या पुलावर समोरनं गाड्या आल्या तर?” नाथाजीनं विचारलं.

मनुबाई भिंतीला टेकली. “मामंजी, त्येला जरा लवकर उतरवा की. डोळ्यांफुडं आंधारी याया लागली.”

“आमच्या हातात हाय व्हय ते?” लालासाहेब हळहळले.

उन्हं कलली तेव्हा विमान जेमतेम पुलापाशी आलं होतं. तेवढ्यात धुळीनं माखलेले बूट वाजले आणि कृष्णात दारात उभा राहिला.

“तू आजून पोचला न्हाईस,” लालासाहेब म्हणाले.

“आबा, न्याहारीला कोल्हापुरात हुतो. तासाभराची वाट. तिथनं लष्कराचा ट्रक रहिमतपूरला आला, त्येच्यातनं आलो.”

“आन् घाट?”

“वर घाट नसतोय, आबा.”

“मंजी च्या बी न्हाई,” नाथाजी म्हणाला.

मनुबाईनं भाकरी थापली. लेकाला वाढलं, आपलं ताट घेतलं आणि पहिला घास मोडला. बाहेर भोंगा वाजला.

“ट्रक माघारी फिरला वाटतं,” कृष्णात हात धूत म्हणाला. “निगतो, आई. आजची रात कोल्हापुरात, उद्या इमानानं पुण्याला. तू जेव निवांत.”

तो पाया पडला आणि गेला. मनुबाईनं हातातल्या घासाकडे पाहिलं. मग तो ताटात ठेवून ताट झाकलं.

“जाताना उतार हाय,” लालासाहेब म्हणाले, “लवकर पोचंल.”

“पर आबा, वारं तोंडावर येतंय की,” नाथाजी म्हणाला.

मनुबाईनं खण-नारळ पदरात बांधला, वहाणा उंबऱ्यापाशीच सोडल्या आणि समोर दिसणाऱ्या औंधच्या डोंगराची वाट धरली. तिथवर किती वेळ लागेल, ते मात्र तिनं कुणालाच विचारलं नाही.